जनरल मन्रोसाहेबांस, सोलापूरहून

प्रति,
सर थॉमस मन्रो,
मु. घोड्यावर, आयलंड मैदान, चेन्नई

विषय : आपण जिंकलेला किल्ला आम्ही सहकुटुंब पाहिल्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

उतारवयात आपल्याला ऐकायला कमी यायचं असं वाचनात आलं, म्हणून फोनाफोनी न करता लेखी कळवतो. पत्र खुलं ठेवलंय, कारण आपल्या पुतळ्याचा चौथरा उंच आहे आणि तिथवर पोस्टमन चढेल याची खात्री नाही.

ओळख सांगायची तर मे १८१८ मध्ये आपण ज्याचा भुईकोट घेतलात, त्या गावचा मी रहिवासी. तेव्हा आपण नुसतेच ब्रिगेडियर जनरल मन्रो होतात. नावापुढं 'सर' लागलं ते पुढच्या वर्षी. त्या 'सर'मध्ये बदामी, बेळगाव वगैरे गावं भागीदार आहेतच, पण शेवटचा हप्ता सोलापूरनं भरलाय, एवढं नोंदीला असू द्यावं. मागणी काही नाही.

तर मागच्या रविवारी आम्हीही हा किल्ला सर केला. आपल्याला वाईट वाटेल, पण आमची मोहीम आपल्यापेक्षा लवकर आटोपली. आपण ९ मे रोजी गावासमोर आलात. दुसऱ्या दिवशी पेठेच्या तटाला शिड्या लावल्यात. गणपतराव पानसे पेशव्यांच्या तोफा घेऊन आडवे आले आणि जखमी झाले. संध्याकाळी पेशव्यांचं पायदळ वाट फुटेल तिकडं निघालं, तर आपल्या प्रिट्झलरसाहेबांनी घोडदळ घालून त्यांना सीना नदीपर्यंत कापत नेलं. खुद्द श्रीमंत बाजीराव तेव्हा इथं नव्हतेच. पायदळ आणि तोफा आमच्या गळ्यात घालून ते घोडेस्वारांनिशी केव्हाच पुढं गेले होते. मग आपण किल्ल्यावर तोफांचा मारा सुरू केलात, आणि आठवडा उलटायच्या आत आतल्यांनी किल्ला खाली केला.

आम्ही तिकीट काढलं.

आघाडीला आई होती. किल्ल्याचा दरवाजा तुम्ही लोक काय बघता, उंची आणि जाडी. आईनं बघितला तो उंबरा. ओलांडताना पायाला किती त्रास होईल, यावर तिनं किल्ल्याचं संरक्षण भक्कम असल्याचा निर्वाळा दिला. थोरला मोबाईलच्या चौकटीतून एकेक बुरूज काबीज करत गेला. धाकटी तटातल्या जंग्यांपाशी थांबली. एका भोकात हात घातला तर खांद्यापर्यंत आत गेला, तरी पलीकडं निघेना. मग डोळा लावला. बाहेर काय दिसतंय विचारलं, तर म्हणाली, "एक काका भेळ खातायत." आपले शिपाई ज्या अंगानं चाल करून आले असतील, त्याच अंगाला तो काका बसला असेल तर आपण दोनशे वर्षं उशिरा का होईना, नेमबाजाच्या टप्प्यात आलात म्हणायचं. तिनं गोळी झाडली नाही. उलट तिलाही भेळ हवी झाली आणि आमची फौज फुटायला तिथूनच सुरुवात झाली.

आता मूळ मुद्दा. आमच्याबरोबर मेव्हणा होता. तो टोरोंटोला असतो, आणि तिकडचा माणूस इकडं आला की त्याला आपल्या गावात काय काय कमी आहे ते लांबूनही दिसतं. गेल्या वर्षी आम्ही त्याच्याकडं गेलो, तेव्हा नायगारा पाहून झाल्यावर त्यानं आम्हाला जवळच्या नायगारा-ऑन-द-लेक या गावी नेलं. तिथं फोर्ट जॉर्ज नावाचा आपल्याच सरकारनं बांधलेला किल्ला आहे. मे १८१३ मध्ये अमेरिकनांनी तो तोफांनी भाजून काढला आणि २७ तारखेला घेतला. (त्या दिवशी आपला बावन्नावा वाढदिवस होता. मे महिना किल्ल्यांना मानवत नाही, हे माझं मत तेव्हापासूनचं.) पुढं तो मोडकळीला येऊन गेला तो गेलाच. आज दिसतो तो १९३० च्या दशकाच्या शेवटी जुन्या नकाशांवरून पुन्हा उभारलेला. लाकडी मेढेकोट नवा, बराकी नव्या, अधिकाऱ्यांची घरं नवी. मूळचं म्हणून एकच दगडी दारूकोठार उरलंय, १७९६ चं. सगळ्यात आधी उडायला हवं होतं, तेच तेवढं टिकलं.

पण थाट बघाल तर! लाल कोटातली कॉलेजातली पोरं मैदानात ओळीनं उभी राहतात, ठासणीच्या बंदुकीत दारू ठासतात, धाडकन बार काढतात, आणि धूर विरला की इतकं अदबीनं "काही शंका?" विचारतात की शंका नसलेल्यालाही एखादी काढावी वाटते. स्वयंपाकघरात चुलीवर बिस्किटं भाजणारी बाई १८१२ सालातली होती. धाकटीनं तिला वायफायचा पासवर्ड विचारला, तेव्हा एक क्षणभरच तिचं साल हललं. तिथं काय झालं, कुणी कुणाला मारलं, कोण कुठं झोपायचं, सगळं समजलं. आईला तर शिपायांच्या बायकापोरांना त्याच बराकीत नुसता पडदा लावून राहावं लागायचं हे ऐकून इतकं वाईट वाटलं की तिनं त्या लाल कोटातल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवला.

हे सगळं आठवून मेव्हणा आमच्या शहराच्या किल्ल्यात उभं राहून म्हणाला, "हे असं इथं करायला पाहिजे. आपल्याकडं तर खरा दगड आहे!"

साहेब, मला ते पटलं. खरंच आहे, दुहेरी तट खरा, खंदक खरा, शेजारी सिद्धेश्वराचा तलाव खरा. खोटं एकच आणायचंय, माणसं. म्हणून तिथंच, कडुनिंबाखाली, आम्ही 'सोलापूरचा वेढा, १८१८' या जिवंत देखाव्याचं पात्रवाटप करायला बसलो. आपली अडचण तिथं सुरू होते, म्हणून हे पत्र.

आपलं काम मेव्हण्यानं स्वतःकडं घेतलं. परदेशात राहिल्याचा तेवढा फायदा. पानसे कोण होणार यावर थोडा वाद झाला, पण जखमी व्हायचंय म्हटल्यावर मी झालो. किल्ल्यातले अरब शिपाई कुठून आणायचे, हेही सुटलं असतं. घोडं अडलं ते आपल्या फौजेवर. आम्ही समजत होतो की एका बाजूला गोरे, एका बाजूला आमचे, की झालं फोर्ट जॉर्ज. पण आपल्या फौजेतले गोरे थोडे, बाकी सगळ्या मद्रासी पलटणी. म्हणजे शिड्या लावून आमच्या तटावर चढले त्यांच्यात तेलुगू आणि तमिळ शिपाई आले. आता आमच्या सोलापुरात पूर्वभाग नावाचा एक भाग आहे. तिथल्या घराघरांत तेलुगू बोलतात. त्या लोकांनी हे गाव कापडाच्या धंद्यावर नावारूपाला आणलं. त्यांना लाल कोट घालून आमच्यावर चाल करून या, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि नाही सांगितलं तर तुमच्या बाजूनं लढणार कोण, एकटा मेव्हणा?

आणि आपले ते सुभेदार चेनसिंग. हल्ल्याच्या आधी शरणागतीच्या अटी घेऊन आपण त्यांना किल्ल्याकडं पाठवलंत. निरोप घेऊन गेलेला माणूस, त्याला आतल्यांनी मारून टाकलं. आपल्याकडचे इतिहासकार त्याला विश्वासघात म्हणतात, आणि ते चूक आहे असं मला म्हणता येत नाही. पण पुढं जायची पाळी आपल्या एखाद्या गोऱ्या कप्तानावर का आली नाही, हेही मला विचारता येतं. इकडचाच माणूस, तिकडचा निरोप घेऊन इकडच्यांच्याच हातून मेला. हे काम अजून कुणी घेतलेलं नाही. फोर्ट जॉर्जच्या पोरासारखं मरून उठल्यावर "काही शंका?" विचारायचं झालं तर लोक फार शंका विचारतील.

तेव्हा आईनं १८१८ हे सालच नको म्हणून टाकलं. तिच्या मते या किल्ल्यात दाखवण्याजोगा एकच प्रसंग आहे, तो लग्नाचा. १५२४ मध्ये विजापूरची राजकन्या अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. दोन्ही बाजूंची भेट इथंच, सोलापुरात झाली. हुंड्यात सोलापूरचा किल्ला देऊ, असं विजापूरकरांनी कबूल केलं आणि मग दिलाच नाही! त्यावरून दोन घराण्यांत जी जुंपली ती पुढची चाळीसेक वर्षं. शेवटी बुऱ्हाणची नात चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा तोच किल्ला हुंडा म्हणून उलट्या बाजूनं गेला. सांगता सांगता आई इतकी रंगात आली की तिच्या माहेरच्या एका लग्नातली न दिलेली अंगठी निघाली आणि बायकोला तटाकडं तोंड करून उभं राहावं लागलं. हा प्रयोग करायचा झाला तर बाहेरची माणसं लागणार नाहीत, प्रत्येक प्रेक्षकाकडं आपापले संवाद तयार असतील.

थोरल्यानं तिसरंच साल काढलं, १९३०. हे आपल्या पश्चात घडलं, म्हणून सांगतो. त्या वर्षी ६ एप्रिलला आमच्या नगरपालिकेवर तिरंगा चढला. मे महिन्यात (बघा, पुन्हा मे) ८ तारखेला गोळीबार झाला, गाव खवळलं, आणि आपल्या सरकारचे पोलीस गाव सोडून गेले. पुढचे काही दिवस सोलापूर सोलापूरकरांनीच चालवलं, रहदारीसुद्धा स्वयंसेवकांनी सांभाळली. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारून लष्करानं गाव परत घेतलं. गांधी टोपी दिसली तरी गुन्हा. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. त्यांचे पुतळे किल्ल्यापासून जवळच आहेत, आम्ही गाडी त्याच बाजूला लावली होती. आपल्याला किल्ला घ्यायला तोफा लागल्या. सोलापूरकरांनी गाव घेतलं तेव्हा तटाला कुणी हातही लावला नाही. थोरल्याचं म्हणणं होतं की ह्याचा देखावा करायचा तर त्यात किल्ल्याचा काही उपयोगच नाही. मेव्हणा गप्प बसला. साहेबाचं काम त्याला यातही मिळालं असतं, पण त्यानं मागितलं नाही.

मग प्रश्न राहिला तो आपल्या सत्काराचा. कारण देखावा होवो न होवो, उद्घाटनाला आपणच हवेत. १८१३ मध्ये आपण इंग्लंडच्या पार्लमेंटपुढं साक्ष दिलीत, त्यात म्हणालात की हिंदुस्थानी शाल सात वर्षं वापरतोय, तरी नव्यासारखी आहे, आणि विलायती शाल कुणी फुकट दिली तरी अंगावर घेणार नाही. साहेब, हे वाचून माझा निम्मा राग गेला. हा माणूस सोलापुरात तोफा घेऊन न येता गिऱ्हाईक म्हणून आला असता तर चाटी गल्लीत त्याला चहा विचारला असता. आपल्याला शालीऐवजी सोलापुरी चादर देऊ. वजनदार असते, घोड्यावर नीट बसते. मयूरपंखी नक्षीची देऊ की चौकड्याची, एवढं कळवावं.

आणखी एक. आमच्याकडची मंडळी मंत्रालयाला राघवेंद्र स्वामींच्या दर्शनाला वर्षातून एकदा तरी जातात. तिथं आपली गोष्ट सांगतात : बेल्लारीकडं कलेक्टर असताना आपण मठाची जमीन खालसा करायला गेलात, आणि शंभर वर्षांहून आधी समाधी घेतलेल्या स्वामींनी फक्त आपल्याला दर्शन दिलं, शेजारच्यांना काही दिसलं नाही, आणि जमीन मठाकडं राहिली. आईचा या गोष्टीवर पूर्ण विश्वास आहे. तिचा साधा प्रश्न असा आहे की मंत्रालयात स्वामी दिसले, मग सोलापुरात तळ्यातले सिद्धरामेश्वर कसे दिसले नाहीत? किल्ल्यापासून देऊळ हाकेच्या अंतरावर. याचं उत्तर आपण आईला परस्पर पाठवलंत तरी चालेल. मात्र मराठीतून पाठवा, मेव्हणा भाषांतर करताना स्वतःचं घालतो.

यायचं ठरवलंत तर मे टाळा. आपल्याला आठवत असेलच की उन्हाळ्यात इथं दुपारी तोफेला हात लावता येत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला या. होम मैदान किल्ल्याला लागूनच आहे. नंदीध्वज निघतात तेव्हा गर्दी इतकी असते की आपल्या सगळ्या पलटणी आल्या तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. सोबत किती माणसं असतील ते आधी कळवा, भाकरी त्या अंदाजानं टाकायच्या असतात.

आपला,
किल्ल्याचा एक तिकीटधारक, सोलापूर

ता. क. : पानशांच्या भूमिकेसाठी मला तलवार लागेल. आपल्याकडं त्या दिवशीची एखादी पडून असली तर येताना आणावी, परत देण्याचं मी कबूल करत नाही.