शुद्ध असतं, तरी कशाला हवं होतं?

मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या परासिया भागातल्या मुलांना सर्दी-ताप झाला होता. एवढंच. सप्टेंबर २०२५मध्ये त्यांना ‘कोल्ड्रिफ’ नावाचं पातळ औषध पाजलं गेलं आणि त्यांची लघवी बंद झाली. आईबापांनी मुलं उचलून नागपूर गाठलं, डायलिसिस झालं, तरी वीसहून जास्त मुलं गेली. बहुतेक पाच वर्षांखालची. औषध बनलं होतं तमिळनाडूत; तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल निघालं ४८.६ टक्के. मर्यादा ०.१ टक्का. म्हणजे बाटलीत जवळपास निम्मं विषच होतं!

कारखान्यात वापरायचं हे रसायन गोड, दाट आणि स्वस्त. औषध विरघळवायच्या शुद्ध द्रवाच्या जागी ते आलं तर डोळ्यांना कळत नाही, जिभेलाही नाही. कळतं फक्त तपासणीत, आणि ती तपासणी कच्चा माल आला की प्रत्येक पिंपाची व्हायला हवी. अमेरिकेत १९३७ साली याच विषाने शंभरावर माणसं मेली, पुढच्याच वर्षी तिथे कायदा बदलला. आपल्या मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरं वेशीवर टांगली. तरी २०२०मध्ये जम्मूतल्या रामनगरला पुन्हा तेच. चाळीस वर्षांत पिंप तपासायला शिकलो नाही, याचा संताप येतो.

पण भेसळीवर संतापून झाल्यावर एक प्रश्न उरतो, आणि तो कुणी फारसा विचारला नाही. ते औषध शुद्ध असतं, तरी त्या मुलांना कशाला हवं होतं?

कोल्ड्रिफमध्ये पॅरासिटामॉलच्या जोडीला क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन होतं. याच दोघांचं ठरावीक मात्रेतलं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये आणि तसा इशारा वेष्टनावर छापावा, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्येच बजावलं होतं. छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितलं: दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीचं औषध द्यायचं नाही, पाच वर्षांखालीही सहसा नाही. ब्रिटनने तर २००९मध्येच सहा वर्षांखालच्या मुलांसाठी ही औषधं बंद केली. कारण सरळ आहे. लहान मुलांत त्यांचा उपयोग होतो याचा धड पुरावा नाही. गुंगी येणं, छाती धडधडणं, मात्रा चुकली तर श्वास मंदावणं, हे धोके मात्र खरे आहेत. त्यात घरात तापाचं औषध वेगळं सुरू असतं, आणि या बाटलीतही पॅरासिटामॉल असतं हे आईला कुणी सांगत नाही. दुप्पट डोस पोटात जातो.

आणि विक्री? मेडिकलमध्ये जाऊन ‘बाळाला खोकला आहे’ एवढं म्हणा, बाटली समोर येते. वय विचारलं जात नाही, वजन तर नाहीच. दवाखान्यातही पातळ औषध लिहून दिलं नाही तर ‘डॉक्टरांनी काहीच दिलं नाही’ म्हणून आपण नाराज होतो. या नाराजीला घाबरून चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना मी माफ करणार नाही. पण ती नाराजी आपली आहे, हेही मान्य करायला हवं.

विषाणूमुळे झालेली सर्दी आपोआप ओसरते, खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. नाकात सलाइनचे थेंब, अंगावरचं दूध, कोमट पाणी, आराम. वर्षाच्या वरच्या मुलाला चमचाभर मध चालेल, वर्षाच्या आत मुळीच नाही. आणि बाळ भरभर श्वास घेत असेल, बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, दूध पीत नसेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर मेडिकलच्या वाटेला न जाता तडक बालरोगतज्ज्ञाकडे जा, आणि कुठलं औषध पाजलं असेल तर त्याची बाटली सोबत न्या.