बॉटलनेक काका

ही व्यक्ती तुमच्याही ओळखीची आहे. कुणाचा मेहुणा असेल, कुणाचा ऑफिसातला सहकारी असेल, एखाद्या दुर्दैवी घरात खुद्द यजमानच असेल. वय चाळिशीच्या आसपास, केस मागे सरकलेले, आणि टेबलाखाली एका बाजूला काच असलेला काळा डबा, त्यात लाल-निळे दिवे. हा माणूस गेली कित्येक वर्षं एकाच प्रश्नावर अडलेला असतो : प्रोसेसर बदलावा की नाही? मधल्या काळात लोकसभेच्या दोन निवडणुका झाल्या, देशाचं ठरलं. याचं ठरत नाही.

आमच्याकडचा नमुना डोंबिवलीत राहतो. सोसायटीतली पोरं त्याला 'बॉटलनेक काका' म्हणतात. तो माझा शाळेपासूनचा मित्र असल्यामुळे या नावाचा मला थोडा तरी राग यायला हवा. येत नाही.

सिद्धान्त साधा आहे आणि बरोबरही आहे. गेम चालताना पडद्यावर काय घडतंय याचा हिशेब प्रोसेसर करतो आणि चित्र ग्राफिक्स कार्ड काढतं. हिशेबनीस मंद असला की चित्रकार ब्रश हातात धरून बसून राहतो. पैसे मोजून आणलेलं कार्ड निम्मं रिकामं बसतं, हाच तो बॉटलनेक. इथवर कुणाची तक्रार नाही. वैताग हा, की हे ज्ञान त्याला संगणकापुरतं पुरत नाही.

आमच्याकडे सत्यनारायण होता. पूजा निम्म्यावर आली तेव्हा हा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "गुरुजींचा क्लॉक स्पीड मस्त आहे रे, यजमान बॉटलनेक करतोय." यजमान म्हणजे मी. सोवळं नेसून, पळीनं पाणी सोडत. मामेभावाच्या लग्नात पंचपक्वान्नांचं ताट हातात घेऊन तो पुऱ्यांच्या रांगेत उभा होता. कढईपाशी एकच आचारी. "सिंगल कोअर," असं म्हणून त्यानं खेदानं मान हलवली, आणि मागे उभ्या असलेल्या एका आजोबांना समजावून सांगितलं, की कढई कितीही मोठी आणली तरी उपयोग नाही, तळणारे हात वाढवायला हवेत. आजोबांना ते पटलं. ते आचाऱ्याला मदत करायला निघाले, त्यांना मुलीनं मागे ओढलं. सोसायटीच्या टाकीला पाणी कमी येतं, तर पंप ठीक, पाइप बॉटलनेक. डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावर सकाळी सव्वाआठला चेंगरून वर चढतानाही हा मागून ओरडतो, "फलाट बारा थ्रेडचा आहे, जिना चार!"

त्याचं स्वतःचं मशीन २०१७ चं. रायझन ५ १६००, सहा कोअर, बारा थ्रेड. त्या किमतीत इंटेल तेव्हा चार कोअरवर बोळवण करत होती, त्यामुळे एएमडी घेऊन यानं क्रांती केल्यासारखे पेढे वाटले होते. बोर्ड बी३५०. पुढे कुणाकडून तरी जुनं आरएक्स ६६०० कार्ड स्वस्तात मिळालं आणि आधीपासूनचा रोग बळावला. तेव्हापासून तो गेम खेळत नाही, गेमच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातले आकडे वाचतो. काउंटर स्ट्राइकमध्ये समोरून शत्रू बंदूक रोखून येतोय, आणि हा कोपऱ्याकडे बोट दाखवून मला सांगतोय, "बघ, बघ, जीपीयू बासष्ट टक्के! अडतीस टक्के फुकट चाललेत!" तोवर याच्या डोक्यात गोळी बसलेली असते. त्याचं त्याला काही नाही. मेल्यावर स्क्रीन स्थिर राहते आणि आकडे नीट वाचता येतात.

या आजाराचं मूळ, मला विचाराल तर, एएमडीच्या चांगुलपणात आहे. इंटेलवाल्याचं बरं असतं. दोन-तीन पिढ्या झाल्या की सॉकेट बदलतं, प्रोसेसरबरोबर बोर्डही नवा घ्यावा लागतो, आणि तो खर्च ऐकूनच माणूस मुकाट्यानं जुन्यावर भागवतो. एएम४ सॉकेट मात्र संपेचना. २०१७ च्या बोर्डात पुढच्या पिढ्यांचे प्रोसेसर बसत गेले, त्यामुळे आशा कधी मेली नाही. पंधरा हजारांत काम होईल, फक्त चिप काढायची आणि चिप बसवायची, हे वाक्य तो इतक्या वर्षांत इतक्यांदा म्हणालाय की वहिनी ते त्याच्याबरोबर ओठ हलवून म्हणतात.

खरेदीची तयारी मात्र पक्की. एक्सेलचा कागद चार घड्या घालून खिशात, स्लो लोकल सोडून फास्ट पकडायची, दादरला उतरून ग्रँट रोड, आणि तिथून लॅमिंग्टन रोड. दुकानदारानं भाव सांगितला की याचे प्रश्न सुरू. बॉक्स पीस की ट्रे पीस? ट्रेला वॉरंटी कोण देणार? कूलर आत आहे का? दुकानदार हिंदीत विचारतो, "लेना है ना?" त्यावर आमचा मित्र अत्यंत प्रामाणिकपणे म्हणतो, "अभी देख रहा हूँ." मग तो स्टेशनपाशी मावा केक घेतो आणि घरी येतो. वहिनी म्हणतात, "प्रोसेसर आणायला गेले की केक येतो. मी आता केक हवा असला की प्रोसेसरचा विषय काढते."

आता जड मनानं एक कबूल करायला हवं. दुसऱ्याच्या मशीनबाबत हा माणूस चहा निवायच्या आत निर्णय देतो, आणि तो बरोबर असतो.

खालच्या मजल्यावरच्या मुलानं वडिलांपाशी नव्या गेमिंग कॉम्प्युटरचा हट्ट धरला होता. वडील हप्त्यांवर घ्यायला निघाले होते. काकानं तीन प्रश्न विचारले. कुठले गेम? मॉनिटर किती हर्ट्झचा? रॅमच्या किती कांड्या लावल्यात? मॉनिटर निघाला साठ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठाच्या वर चित्रं काढली तरी तो दाखवणार साठच. रॅमची एकच कांडी, आणि तीही ३२०० ची असून २१३३ वर रखडत होती, कारण बायोसमधलं एक्सएमपी कुणी चालूच केलं नव्हतं. दुसरी कांडी लावली, एक्सएमपी चालू केलं, पोरगं खूश. वडिलांचे पंचेचाळीस हजार वाचले आणि त्यांनी काकाला एक वडापाव खाऊ घातला.

दुसऱ्या एका मुलाचा प्रोसेसर खरोखरच बदलायला हवा होता. ते काम मी समोर बसून पाहिलं. आधी पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट. त्या पाच मिनिटांत वीज गेली तर बोर्डाचं भलं व्हायचं नाही, म्हणून मशीन इन्व्हर्टरवर, आणि मुलाची आई मिक्सर लावू नये म्हणून स्वयंपाकघराच्या दारात पहारा. मग त्यानं चक्क दहा मिनिटं गेम चालवून प्रोसेसर तापवला. एएम४ च्या चिपला खाली बारीक पिना असतात. वरची पेस्ट सुकून घट्ट झाली असेल तर कूलर ओढताना चिपही सॉकेटातून उपटून येते आणि पिना वाकतात. पेस्ट गरम असली की सुटते. त्यानं मशीन बंद केलं, वायर काढली, कूलर डावी-उजवीकडे हलके हलके पिळला आणि तो अलगद उचलला. एरवी चमचाही आदळून ठेवणारा माणूस. त्या अर्ध्या तासात तो 'बॉटलनेक' हा शब्द एकदाही बोलला नाही.

मग स्वतःच्याच बाबतीत काय होतं? हे मला गेल्या महिन्यात त्याच्या घरी जेवणानंतर कळलं. तो मला एक्सेलमधला 'शेरा' हा रकाना वाचून दाखवत होता. वहिनी शेजारी मेथी निवडत होत्या.

"२०१९. रायझन ३६०० आला. शेरा : पहिल्या लॉटमध्ये घेऊ नये, बायोस स्थिरावू द्यावं."

"नानांचा मोतीबिंदू," वहिनी मान वर न करता म्हणाल्या.

"२०२०. ५६००एक्स. शेरा : आपल्या बोर्डाला सपोर्ट नाही."

"ऑनलाइन शाळा. पोरीला लॅपटॉप."

"२०२२. सपोर्ट आला. पण सप्टेंबरात एएम५ येतंय, मरत्या सॉकेटवर पैसे घालू नयेत."

"आईंचा गुडघा."

"२०२४. ५७००एक्स३डी, शहाण्णव एमबी कॅश! शेरा : दिवाळीच्या सेलची वाट पाहणे."

"अकरावीचा क्लास. पहिला हप्ता."

तो जरा थांबला. मग म्हणाला, "योगायोग रे. तांत्रिक कारणं वेगळीच होती." आणि लगेच २०२५ च्या अखेरीकडे वळला. एआयची डेटा सेंटरं मेमरी गिळायला लागल्यापासून रॅमचे भाव भडकलेत, एएम५ वर जायचं तर डीडीआर५ घ्यावी लागणार, म्हणजे थांबलो तेच शहाणपण केलं, असं तो मला पटवू लागला. मीही पटल्यासारखं केलं. त्या खोलीत पंधरा हजारांची वाट अडवणारे तेव्हा सगळे हजर होते. नाना टीव्हीसमोर, आई गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी घेऊन, पोरगी कानात बोंडं खुपसून. गुरुजी, आचारी, डोंबिवलीचा जिना आणि मी, यांपैकी कुणाला त्यानं सोडलेलं नाही. या तिघांना मात्र तो शब्द त्यानं लावलेला मी कधी ऐकला नाही.

तर वाचकहो, तुमच्याकडे एएम४ चा जुना बोर्ड असेल, त्यावर पहिल्या पिढीतला रायझन असेल आणि ग्राफिक्स कार्ड साठ टक्क्यांवर लोळत असेल, तर आधी बोर्डाच्या कंपनीची यादी बघा, बायोस अपडेट करा, ५६०० बसवा आणि मोकळे व्हा. अडलात तर डोंबिवलीला या, काका सगळं बरोबर सांगेल, पैसे घेणार नाही. फक्त निघताना "काका, तुमचं काय ठरलं?" एवढं विचारू नका.