बिनभुवयांची इमारत

"वहिनी, पेठेतल्या कोपऱ्यावरच्या नव्या इमारतीची हिरवी जाळी काढली बघा काल." मेंदीच्या कुंपणावर कोपर टेकत माईंनी बातमी सोडली.

"पाहिली की! खाली सगळी काच, वर निळं एसीपी, ते ॲल्युमिनियमचे पत्रे. समोर उभी राहिले तर मीच दिसले, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. केस विस्कटलेले होते, तिथंच नीट केले."

"आरसा तरी फुकट झाला! पण आमचे हे धुसफुसताहेत. राजूरच्या पेठेची कळा गेली म्हणतात."

"नानांना सांगा, कौलं काढून स्लॅब टाकणाऱ्यांत आम्हीच पहिले होतो. आणि नवं म्हणून वाईट कसं? लेकीनं मला मुंबईत मरीन ड्राइव्ह दाखवलं. तिथल्या त्या गोल कोपऱ्यांच्या इमारती १९३०-४० च्या सुमाराला अगदी नव्या फॅशनच्या. आता २०१८ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत."

"म्हणजे या निळ्यालाही ऐंशी वर्षं थांबायचं?"

"ऐका तर! तिथं खिडक्यांवर सिमेंटची लांब पट्टी पुढं आलेली असते. जाणकार तिला भुवईच म्हणतात. ऊन-पाऊस आत येऊ नये म्हणून. फॅशन नवी, पण पावसाची ओळख ठेवलेली. आपल्या या इमारतीला भुवई कुठंय? ओटा नाही, पडवी नाही, वीतभर छज्जा नाही."

"खरंच की. बाजाराच्या दिवशी पाऊस आला की खेड्यावरच्या बाया टोपल्या घेऊन दुकानांच्या पडवीत शिरायच्या. कुणी हटकायचं नाही. आता काय काचेला पाठ लावायची?"

"आणि इथला पाऊस सरळ थोडाच पडतो! पलीकडच्या घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. आषाढात आडवी झड लागली की पहिली फट सापडेल तिथून पाणी आत."

"आमचे हे जनावरांच्या प्रदर्शनात डांगी बैल बघतात ना, तेव्हा आधी कातडीवर हात फिरवतात. बोटाला तेलकट लागलं तर पावसात टिकणार म्हणतात. रंगरूप मागाहून."

"मग इमारतीचीही कातडीच बघायची. रंग निळा असो नाहीतर जांभळा."

माई जरा थांबल्या. मग वहिनींच्या दाराकडं बघून म्हणाल्या, "वहिनी, पण तुमच्या स्लॅबला तरी भुवई कुठंय?"

"नाही ना! म्हणून तर सांगते. दर पावसाळ्यात उंबऱ्यात बादली मीच ठेवते."