हवाई चेअरमन

आमच्या सोसायटीत चेअरमन दोन. एक निवडून आलेले. पार्किंगपासून गळतीपर्यंत सगळ्यांची बोलणी खाणारे. दुसरे तळमजल्यावरचे दादा. हे ‘अपरान्त एअरवेज’चे चेअरमन. कंपनीची स्थापना १९५८ ची, तळ जुहूला, ताफ्यात चार डाकोटा, मे महिन्यात दिल्लीला हापूसच्या पेट्या. यातलं काहीही कधीही अस्तित्वात नव्हतं. पण म्हणून दादांच्या कारभारात तसूभर ढिलाई नाही.

पार्ल्यात विमानं डोक्यावरूनच जातात. अशा वेळी बाकीचे लोक फोनवर ‘जरा थांब हं’ म्हणतात. दादा खिडकीशी धावतात, शेपटी बघतात आणि चेहरा पाडून परत येतात. “पुन्हा पांढरं!” विमानं पांढरी करण्याचं पाप ते एअर फ्रान्सच्या पदरात टाकतात. १९७६ साली त्यांनी सबंध पांढरं विमान आणलं आणि जगाने नक्कल केली. “कॉन्कॉर्डचं समजू शकतो. आवाजाच्या दुप्पट वेगाने जायचं, अंग तापणार. १९९६ मध्ये पेप्सीच्या जाहिरातीसाठी एक कॉन्कॉर्ड निळं केलं, तर त्या वेगाने वीस मिनिटांच्या वर जाऊ नका म्हणाले. पण यांना काय धाड भरलीय? पुणे-नागपूर किती तापणार?”

निवृत्त झाल्यावर नातवाने त्यांना संगणकावर विमान उडवायचा खेळ लावून दिला. दादांनी ते उडवलं, समुद्रात पाडलं, आणि मग त्या विमानाला आपल्या मनासारखा रंग देता येतो हे त्यांना कळलं. त्यानंतर ते कधी उडाले नाहीत.

पहिल्या रंगकामात काही म्हणता काही राहिलं नाही. नाकावर सोनेरी नथ, पोटावर वारली, शेपटीवर नाचरा मोर, खिडक्यांभोवती पैठणीचा काठ. काठाला आधार होता. १९७१ साली आलेल्या जंबोच्या प्रत्येक खिडकीभोवती एअर इंडियाने झरोका रंगवला होताच की. वहिनींनी चहा ठेवता ठेवता पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो, हे मंगल कार्यालयासारखं दिसतंय.” त्यात डाव्या बाजूचं काम जसंच्या तसं उलटवून उजवीकडे चिकटवल्यामुळे तिकडे कंपनीचं नाव आरशातलं झालं होतं. दादांनी एका रात्रीत मोर काढला. नथ मात्र दोन दिवस राहिली.

मग अभ्यास सुरू झाला, आणि त्यातून एक गोष्ट त्यांना उमगली, जी मला तरी पटते. जुन्या विमानांच्या रंगात हौस थोडी आणि अडचण फार. छत पांढरं का? धावपट्टीवर उन्हात उभं राहून आतली माणसं भाजू नयेत म्हणून. पोट उघड्या अॅल्युमिनियमचं का? रंगाला पैसे पडतात आणि वजनही असतं. वैमानिकाच्या काचेपुढे काळा पट्टा कशाला? डोळ्यांवर तिरीप येऊ नये. इंजिनामागे गडद रंग? काजळी दिसू नये. आणि खिडक्यांवरून नाकापासून शेपटीपर्यंत धावणारी ती रेघ, जिला या धंद्यात चीटलाइन म्हणतात, ती खिडक्यांची भोकं एका ओळीत ओवून टाकते. विमान लांब आणि वेगवान भासतं. म्हणजे जुना रंग हवा, तर आधी जुन्या अडचणी हव्यात. दादांनी ताबडतोब कंपनीला गरीब केलं.

एकदा गरिबी आली की इतिहास मागोमाग येतो. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त वकिलांनी मात्र त्यात खोडा घातला. १९५३ च्या कायद्याने विमान कंपन्या सरकारने घेतल्या. नियमित वेळापत्रकाची सेवा खासगी कंपनीला चालवताच येत नव्हती. तो कायदा गेला १९९४ ला. तुमची कंपनी १९५८ ची कशी? दादांचं जेवण तुटलं. चार दिवसांनी ते वकिलांच्या दारात हजर. “आमची सेवा अनियमित आहे. वेळापत्रक नाहीच. विमान रोज सकाळी सातला सुटतं, पण योगायोगाने.” वकिलांनी हा युक्तिवाद उभ्या कारकिर्दीत ऐकला नव्हता. त्यांनी कायदेशीर सल्लागार म्हणून काम पाहायचं कबूल केलं.

१९७२ चा रंग मला सर्वांत आवडतो. फोकर फ्रेंडशिप, चॉकलेटी, नारिंगी आणि हळद्या अशा तीन रेघा, शेपटीपाशी एकदम वर चढणाऱ्या. नाव देवनागरीत, आणि अक्षरांची शिरोरेघ म्हणजेच चीटलाइन. खिडक्यांवरून आलेली रेघ तशीच पुढे जाते आणि तिलाच ‘अपरान्त’ लोंबकळतं. हे रोमन लिपीला जमायचं नाही. दादांना सांगितलं तर ते म्हणाले, “जमलंय खरं, पण ते आमच्या पेंटरचं डोकं.” हा पेंटर कोण, हे मी विचारलं नाही.

याच ताफ्यातलं एक विमान अख्खं नारिंगी आहे, आणि तो विषय घरात काढायचा नाही. संस्थापकांचा मुलगा शिकायला अमेरिकेत गेला, तिथे त्याने ब्रॅनिफची विमानं पाहिली. १९६५ मध्ये अलेक्झांडर जिरार्ड नावाच्या रचनाकाराने त्या कंपनीची विमानं सबंध एकेका रंगात बुडवली होती. पोरगं भुललं. परत येऊन त्याने बापाला न विचारता एक फोकर रंगवून घेतलं. “केवढा खर्च!” दादा अजून हळहळतात. “आणि वर वजन वाढलं ते वेगळंच.” मुलगा खोटा, बाप खोटा, फोकर खोटं, हळहळ मात्र अस्सल.

खरी कसोटी पुढे होती. नव्या विमानावर जुना रंग चढवायचा, म्हणजेच रेट्रो. ब्रिटिश एअरवेजने २०१९ मध्ये शंभरीनिमित्त जुने रंग पुन्हा काढले, तसं. पण जुना रंग परत आणायचा तर मधे तो गेलेला हवा. म्हणून दादांनी छातीवर दगड ठेवून २००४ चा रंग काढला. पांढरंफटक अंग, शेपटीवर निळी फरफट, नाव इंग्रजीत आणि तेही सगळं छोट्या अक्षरांत. वाईट रंग वाईट वाटेल असा काढायला त्यांना चांगल्या रंगापेक्षा जास्त वेळ लागला. “हे कुणी केलं?” मी विचारलं. “मॅनेजमेंट बदललं होतं,” दादा म्हणाले आणि पडद्याकडे पाठ करून बसले. २००८ च्या सुवर्णमहोत्सवाला तीन रेघा परतल्या तेव्हा त्यांनी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. लोकांना वाटलं नातू पास झाला.

आता खऱ्या चेअरमनांची अडचण. आमची इमारत विमानांच्या वाटेत, उंचीला मर्यादा, त्यामुळे पुनर्विकास अडलेला. निदान रंग तरी काढू असं ठरलं. सभेत दादांनी रंगीत छपाई करून आणलेला आराखडा मांडला. गच्चीकडचा भाग पांढरा, खालचा राखाडी, आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांवरून चॉकलेटी, नारिंगी, हळद्या अशा तीन रेघा.

“या शेवटी टाकीवर का चढल्यात?” खजिनदारांनी विचारलं.

“शेपूट नको?”

“आणि माझ्या बाल्कनीखाली हा काळा पट्टा?” सेक्रेटरींचा आवाज चढला.

“तिरीप येऊ नये म्हणून.”

सेक्रेटरींचा फ्लॅट पूर्वेचा. समोरच्या पांढऱ्या कठड्यावरून सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं, ही त्यांची तक्रार तीन सभांच्या इतिवृत्तात आहे. त्यांनी आराखडा जवळ ओढला, चष्मा पुसला आणि अनुमोदन दिलं.