धवल्याचा सातबारा

कर्जत-खालापुरात सातबारा नसलेला माणूस सापडेल, सातबाऱ्यावर बोलता न येणारा सापडायचा नाही. नेरळपासून खोपोलीपर्यंत ‘सेकंड होम’चे फलक लागल्यापासून फेरफार, वहिवाट, कूळ, इतर हक्क हे शब्द चहाच्या टपरीवरही साखरेपेक्षा स्वस्त झालेत. आजोबांनी लावलेलं भातशेत एके दिवशी मुंबईच्या कुणा साहेबाच्या नावावर निघतं, याचंही आता कुणाला नवल नाही. परवा मात्र आमच्या घरातलं गाणं दुसऱ्याच्या नावावर निघालं.

पुतण्याची हळद होती. बेंजोवाले अजून टेम्पोतून उतरत होते, तेवढ्यात धवलारीण आजीनं मांडवात बैठक मारली. तोंडात दात चार, त्यातले दोन हलणारे. एका हातानं पदर सावरला, दुसरा कानावर ठेवला आणि गावदेवीपासून पितरांपर्यंत सगळ्यांना हळदीचं आवतण देत धवला सुरू केला. कागद नाही, वही नाही. सासूकडून ऐकलेला, सासूनं तिच्या सासूकडून. भाच्यानं तो मोबाइलवर घेतला आणि रात्रीच एका साइटवर चढवला.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ गायब. मेल आला की एका हक्कधारकाच्या तक्रारीवरून हा आशय हटवण्यात आला आहे. कुणा संगीत कंपनीनं त्याच चालीवर हळदीचं गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं म्हणे. म्हणजे आजीनं त्यांची चाल चोरली. कंपनीच्या जन्माआधी पन्नासेक वर्षं चोरली, हा तिचा धूर्तपणा.

तलाठी (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण हाक तलाठी अशीच जाते) निदान फेरफाराची नोटीस चावडीवर लावतो आणि हरकतीला १५ दिवस देतो. इथे आधी नांगर, मग नोटीस.

भाच्याला म्हटलं, कायदा काढ. कॉपीराइटचा कायदा १९५७चा, त्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि २०१३च्या नियमांनी पद्धत घालून दिली. तक्रार आली आणि पटली तर साइटनं ३६ तासांत मजकूर बंद करायचा. तक्रारदारानं कोर्टात जाण्याची हमी द्यायची. २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आला नाही, तर साइट मजकूर परत ठेवू शकते. ‘शकते’ हा शब्द नीट वाचा. सरकारी कचेरीत ‘होऊन जाईल’ म्हणतात ना, त्याच जातीचा शब्द आहे.

पण साइटला तरी हा नियम कशाला उघडायचाय? तिच्या स्वतःच्या अटी आहेत. खातं उघडताना त्या लांबलचक कागदाखाली भाच्यानं ‘मान्य आहे’ला अंगठा लावला होता. आमच्याकडे न वाचता अंगठा लावण्याची परंपरा जुनी आहे. त्यातच तर आमच्या जमिनी गेल्या.

यातली खरी गंमत आपल्या पालघरशी येऊन भिडते. २०१२ साली मुंबई बंदवरच्या फेसबुक पोस्टवरून तिथल्या दोन मुलींना अटक झाली आणि त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. त्याच निकालात सांगितलं की, येईल त्या तक्रारीचा न्यायनिवाडा साइटनं करत बसू नये, कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर मजकूर काढावा. छान. मग २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयानं मायस्पेस प्रकरणात म्हटलं की, कॉपीराइटची गोष्ट वेगळी, तिथे मालकाची नेमकी सूचना पुरते. म्हणजे उद्या कुणी माझी अब्रू काढली तर मी कर्जत कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. गाणं काढायला एक ई-मेल बास. अब्रूची चाल कुणी ध्वनिमुद्रित केलेली नसते ना.

लग्नाला मात्र कायद्यानं सूट दिली आहे. वरातीत आणि लग्नाच्या इतर समारंभांत गाणं वाजवलं तर कॉपीराइटचा भंग होत नाही. २४ जुलै २०२३ला केंद्रानं तशी जाहीर सूचनाही काढली. गोवा सरकार तेच जरा मोठ्या आवाजात सांगायला गेलं, तर ऑगस्ट २०२४मध्ये उच्च न्यायालयानं त्याचं परिपत्रकच रद्द केलं. पण ही सूट मांडवापुरती. हळद माफ, पण हळदीचा व्हिडिओ साइटवर गेला की ती सूट मांडवातच राहते.

आजीच्या बाजूनं कायदा अगदीच मुका आहे असं नाही. परंपरेनं आलेल्या चालीवर कुणाची मालकी नसते. कंपनीचा हक्क तिच्या ध्वनिमुद्रणापुरता. शिवाय गाणाऱ्याला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. आजीची ऐंशी उलटली आहे, म्हणजे एकशेतीसपर्यंत निश्चिंती.

हरकतीचा फॉर्म उघडला. रचनाकाराचं नाव? रिकामं ठेवलं तर लाल रेघ येते. ‘सासू’ लिहिलं. रचनेचं वर्ष? भाच्यानं आजीला विचारलं, ती म्हणाली, “भात लावलं तवा.” मालकीचा पुरावा जोडा. मी आठ-अच्या उताऱ्यापर्यंत पोचलो होतो, भाच्यानं हात धरला.

आजीला सगळं समजावून सांगितलं. तिनं एकच विचारलं, “कंपनी कोन? आलती का हलदीला?”

शेवटी साइटनंच तोडगा दिला. वादग्रस्त आवाज बंद करा, व्हिडिओ परत घ्या. घेतला. संध्याकाळी सगळे ओटीवर जमले. पडद्यावर आजीचं तोंड हलतंय, बायकांचे हात हलतायत, उखळात मुसळ पडतंय, आवाज कशाचाच नाही. आजी थोडा वेळ स्वतःच्या तोंडाकडे बघत राहिली. मग कानावर हात ठेवला आणि पडद्यावरच्या ओठांना गाठत मोठ्यानं गाऊ लागली.

भाच्यानं दुसरा मोबाइल काढला. मी त्याच्या हातावर चापट मारली.