पिंट्याचे बाबा

प्रत्येक सोसायटीत एक तरी असे बाबा असतातच, ज्यांचं स्वतःचं नाव फक्त लाइटबिलावर उरलेलं असतं. बाकी सगळ्यांसाठी ते पिंट्याचे बाबा. पिंट्या पाचवीत आहे, पण लिफ्टमधला नवा माणूस त्याला हमखास विचारतो, "पहिलीत का रे?" पिंट्याला त्याचं काही वाटत नाही. बाबांचा मात्र मजला चुकतो.

त्यांच्या खिशात मेजरटेप असतो. घरच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा इतक्या दाटीनं मारलेल्या, की लांबून बारकोड वाटावा. डॉक्टरांनी तक्ता उघडून सांगितलं, "त्याच्या गतीनं नीट वाढतोय. तुमच्यावरच गेलाय. खेळू द्या." मधलं वाक्य बाबांनी सोडून दिलं आणि शेवटचं घेऊन कामाला लागले.

आधी बास्केटबॉल. का, तर उड्या मारून उंची वाढते! मुळात उंच असतात तेच तिकडे जातात, हे त्यांना कोण सांगणार? रिंग दहा फुटांवर. पिंट्याच्या वाट्याला आला तो बाहेर गेलेला बॉल आणून देण्याचा खेळ, आणि तो त्याला आवडलासुद्धा. बाबांना नाही.

मग बाबांनी अभ्यास केला. गावसकर पाच फूट पाच. तेंडुलकर तेवढाच. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स चार फूट आठ! खाशाबा जाधवांनी तर कुस्तीच्या बँटमवेट गटात लढून १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं पदक आणलं! ही यादी ते भाजीवाल्यालाही ऐकवतात आणि मधेच थांबून पिंट्याकडे असे बघतात, की पोरगं मुकाट्यानं कोथिंबिरीच्या जुड्यांमागे सरकतं.

खाशाबांवरून वजनगट सुचला आणि वजनगटावरून कबड्डी. किशोर गटाची मर्यादा ५५ किलो, आमचा बावीस. म्हणजे बसतोच की! बसतो, पण वजनगट वरून बंद असतो, खालून नव्हे. समोर जो चढाईला आला त्यात दोन पिंटे आणि दोघांची दप्तरं सहज मावली असती.

मल्लखांबावर मात्र पिंट्या रमला. अंग हलकं, त्यामुळे एरंडेल लावलेल्या लाकडावर खारीसारखा चढायचा. पण बाबा रोज सरांना गाठून विचारत, "लटकून किती वाढेल?" सर म्हणाले, "आधी त्याला अढी जमू दे." चौथ्या दिवशी बाबा टेप घेऊन थेट मॅटवर आले, तेव्हा सरांनी बापालाच बाहेर बसवलं. बाबांनी रागानं मुलगाही काढून घेतला. माझ्या मते सगळ्या प्रकरणात वाईट झालं ते एवढंच.

खो-खो पिंट्याला त्याचा त्यानंच सापडला, शाळेत. या खेळातला खांब १२० ते १२५ सेंटीमीटरचा असतो. पिंट्याही तेवढाच. खांबाला लागून उभा राहिला तर त्यातला पिंट्या कुठला हे पाठलाग करणाऱ्याला क्षणभर कळत नाही, आणि पिंट्याला तेवढा क्षण पुरतो. मी स्वतः पाहिलं: एका दांडग्या मुलानं सूर मारला, पिंट्या कंबरेत वाकला, हात वरून गेला आणि दांडगोबा धुळीत. पिंट्या पळतापळता खिदळत होता. कुणीतरी ओरडलं, "अरे, त्या बारक्याला धरा!" कुंपणाबाहेर बाबांची छाती फुगली. 'बारक्या' हा शब्द त्यांना जन्मात पहिल्यांदाच गोड लागला असावा.

परवा भेटले तर चेहरा पडलेला. म्हटलं, काय झालं?

"सुट्टीत दीड इंच वाढला हो."

"मग पेढे द्या की!"

"पेढे कसले? आधी जिथं नुसती हवा होती, तिथं आता त्याचा खांदा आलाय. दोनदा बाद झाला काल!"