फुलं असेपर्यंत

झाडांवर माझं प्रेम आहे, पण ते फुलं असेपर्यंत. एखाद्या वहिनींना लग्नातल्या पैठणीवरून ओळखावं आणि दुसऱ्या दिवशी त्या साध्या साडीत भाजीबाजारात भेटल्या की "आपण कोण?" म्हणावं, तसं माझं झाडांशी चालतं. वैशाखात बहावा पिवळ्या घोसांनी लगडला की मी त्याच्याखाली भान हरपून उभा राहतो. पौषात तोच बहावा हात-हातभर काळ्या शेंगा लोंबवत समोर असतो आणि मी त्याच्याच बुंध्याला स्कूटर टेकवून सौ.ला विचारतो, "अगं, इथे कुठेतरी बहावा होता ना?"

मी मूळचा दादरचा. नोकरीने महाडला आणलं आणि लग्नाने पोलादपूरच्या पदरात टाकलं. सासुरवाडी आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. तिथे झाडाला 'शोभेचं' म्हणणारा मी पहिलाच जावई. त्या घरात ऐन-किंजळ म्हणजे भाताच्या राबाचा पाला, धायटीची फुलं म्हणजे पोट बिघडल्यावरचं औषध आणि बहाव्याच्या शेंगेतला गर म्हणजे जुलाब. म्हणजे एक थांबवायला, एक व्हायला. "पण दिसायला किती सुंदर!" असं मी म्हणालो की सासूबाई पदर तोंडाला लावत आणि सासरे सुपारी कातरता कातरता गंभीरपणे विचारत, "जावईबापू, नुसतं बघायचं?"

त्यांना उत्तर द्यायचं म्हणून मी अभ्यासाला लागलो. दुर्गाबाई भागवतांचं 1956 सालचं 'ऋतुचक्र' घरात होतंच. ते पुन्हा वाचलं, पेन्सिलीने खुणा केल्या, चैत्र-वैशाखाची पानं तर पाठ होत आली. पुस्तकात मला सगळी झाडं ओळखता येतात. पंचाईत रस्त्यावर होते.

पिवळ्या रंगाचंच घ्या. पिवळं दिसलं की बहावा, हा माझा सुरुवातीचा सिद्धान्त होता. महाडात एका रणरणत्या दुपारी मी पाहुण्यांना थांबवून बहावा दाखवला. त्याची फुलं खाली लोंबायच्या ऐवजी वर ताठ उभी होती, शिवाय त्यात तांब्याच्या रंगाच्या चपट्या शेंगांचे झुबके होते. तो सोनमोहर निघाला. मग पावसाळा सरताना पुन्हा पिवळं दिसलं, तर मी खूश, की बहाव्याला दुसरा बहर आला. तो कासोद निघाला. जाणकार सांगतात, बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस येतो, असा लोकांचा आडाखा आहे. माझ्या बहाव्यांवर विसंबून कोणी पेरणी केली असती तर तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला असता.

लाल रंगाने तर अंगावर खुणा सोडल्या आहेत. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर ही तिन्ही झाडं पानं टाकून देतात आणि उघड्या फांद्यांवर लाल-केशरी फुलं मिरवतात. म्हणजे फूल हा माझा एकमेव आधार, तोही तिघांनी मिळून काढून घेतलेला. घाटाच्या वळणावर असंच एक लालभडक झाड दिसलं. मी गाडी थांबवायला लावली, सासुरवाडीच्या समस्त मंडळींना पळसाविषयी दोन शब्द ऐकवले, पत्रावळी, होळीचा रंग, सगळं सांगितलं आणि फोटोसाठी खोडाला प्रेमाने पाठ टेकवली. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक मावशी तेवढ्यात चढण चढत आली. माझी किंकाळी ऐकून ती शांतपणे म्हणाली, "दादा, सावर हाय ती. काटं असत्यात तिला." काटेसावरीचे काटे तळाशी रुंद आणि टोकाला अणकुचीदार असतात, ही माहिती मी पाठांतराशिवाय सांगू शकतो.

त्याच मोसमात बांधाबांधावर फिकट गुलाबी फुलांच्या काठ्या दिसतात. पान नाही, नुसती फुलं. जपानातल्या चेरीचे फोटो पाहून उसासे टाकणारा मी, चेरी दारात आली म्हणून हरखलो आणि भली मोठी जुडी आणून दिवाणखान्यातल्या फुलदाणीत खोचली. सासूबाई नेमक्या मुक्कामाला होत्या. त्यांनी फुलदाणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "घरात उंदीर झालेत का वो?" ती गिरिपुष्पाची फुलं होती. झाड मूळचं मध्य अमेरिकेचं, पाला भातशेतीला उत्तम खत. पण बिया आणि साल वाटून उंदरांना घालतात म्हणून आपल्याकडे त्याचं नाव उंदीरमारी. त्या संध्याकाळी मला चहा जरा उशिरा मिळाला.

मात्र माझी खरी कीर्ती पसरली ती पावसाळ्यात. आषाढातला आंबेनळी म्हणजे धुकं, दरडी आणि कणसं खाणारे पर्यटक. एका वळणावरची गच्च हिरवी झुडपं पांढऱ्या कागदी रुमालांनी भरलेली दिसली आणि माझ्यातला नागरिक जागा झाला. शेजारच्या गाडीतल्या तरुणांना मी स्वच्छता, संस्कार, सह्याद्री आणि शिवराय या चार मुद्द्यांवर भर पावसात सुनावलं, त्यांनी "काका, आम्ही नाही हो" म्हटलं ते न ऐकता पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, पिशवी घेतली आणि उदाहरण घालून देण्यासाठी स्वतः निसरड्या उतारावर उतरलो. पहिला रुमाल ओढला. तो निघेना. दुसरा ओढला, तोही निघेना. तिसऱ्याबरोबर फांदी आली आणि फांदीबरोबर मी आणखी थोडा खाली गेलो. ते भूतकेस होतं. त्याचं फूल असतं एवढंसं, नारिंगी. पण त्याचं एक निदल वाढून पानाएवढं पांढरं होतं आणि कीटकांना लांबून खुणावतं. कीटक फसतात की नाही कोण जाणे. मला मात्र वर ओढून घ्यायला त्याच तरुणांनी हात दिला, आणि फोटोही काढले.

एवढं सगळं होऊनही आमच्या सोसायटीने झाडांना नावांच्या पाट्या लावायचं काम माझ्याकडेच सोपवलं, कारण दुसऱ्या कोणाला वेळ नव्हता. कुंपणालगतच्या उंच, सरळसोट झाडांवर मी 'अशोक' लिहिलं आणि याच झाडाखाली सीतामाई बसल्या होत्या, असं मुलांना सांगितलं. एका कार्टीने मान वर करून विचारलं, "काका, पण सावली कुठे पडते?" तेव्हा कुठे शोध घेतला. हा खोटा अशोक. सीतेचा अशोक निराळा; कोकणात ओढ्याकाठी वाढणारा, डेरेदार, फांद्यांवरच शेंदरी गुच्छ येणारा, आणि त्याची कोवळी पानं तांबूस, मऊ, मान टाकून लोंबणारी.

आणि दिवाळीच्या सुमारास, पाण्याच्या टाकीमागे आपोआप उगवलेल्या एका झाडावर मला नेमकी तशीच पानं दिसली! तांबूस, मऊ, लोंबणारी. मी त्याच दिवशी पत्र्याची पाटी रंगवून आणली, 'सीतेचा अशोक', आणि नारळ फोडला. पौषात त्याला फिकट, बारीक फुलांचे तुरे आले. शेंदरी गुच्छ अपेक्षित होते. जमीन कमी पडली असेल म्हणून मी दोन पाट्या शेणखत घातलं. वॉचमन ते सगळं हाताची घडी घालून पाहत होता. साहेबांनी पाटी लावली म्हणजे विचार करूनच लावली असणार, असं त्याने नंतर सौ.ला सांगितलं.

चैत्रात त्याने टोपलीभर कैऱ्या आणून दारात ठेवल्या. खत चांगलंच लागू पडलं होतं. सौ.ने बरणी भरली, दादरा बांधला आणि शाळेच्या वहीचा लेबल-कागद चिकटवून त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सीतेच्या अशोकाचं लोणचं'.